जिनाच्या दाराचं कुलूप

जिनाच्या मोठ्या दाराचं कुलूप माझ्या बापाच्या पंजाएवढं होतं. पितळेचं, वजनदार. बा त्याला दर शनिवारी राखेनं घासायचा आणि भोकात खोबरेलाचा थेंब सोडायचा. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. जालन्याच्या त्या कापसाच्या जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, तो दरवान होता, आणि आपल्यावर सोपवलेली वस्तू गंजू द्यायची नाही, असा त्याचा स्वभावच होता. लहानपणी मला त्या कुलपाचा अभिमान वाटायचा. वस्तीतल्या इतर पोरींचे बाप गठाणी उचलायचे, सरकीची पोती वाहायचे; माझ्या बापाकडे मात्र कुलूप होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे मला मी स्वतः त्या दाराच्या आत बसायला लागल्यावर कळलं.

आमची वस्ती कुंडलिका नदीच्या पलीकडे, मिशनच्या जागेवर. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या खोल्यांची एक लांब ओळ, समोर दोन कडुनिंब, आणि टोकाला देऊळ. देऊळ म्हणजे आमचं प्रार्थनेचं घर. त्या काळी आम्ही ख्रिस्ती माणसंही त्याला देऊळच म्हणायचो. माय अंधार असतानाच जात्यावर बसायची. जात्याची घरघर, तिचं हलक्या आवाजातलं गीत, मग चुलीचा धूर आणि ज्वारीच्या भाकरीचा वास, या क्रमानं आमची सकाळ व्हायची. भाकरीसोबत अंबाडीची भाजी, ती नसली तर लाल मिरचीचा ठेचा, आणि संध्याकाळी चून. पिठल्याला आमच्याकडे चून म्हणतात. माय ते इतकं पातळ करायची की ताटलीत बोटानं रेघ ओढली तर लगेच बुजायची. रविवारी उपासनेनंतर कधीमधी वजडीचा रस्सा. जेवणाआधी बा डोळे मिटून आभार मानायचा, आणि त्यात भाकरीच्या आधी कामाचं नाव घ्यायचा. "बापा, तू काम दिलंस," असं म्हणून मग तो भाकरीवर यायचा. आम्हा पोरींना भूक लागलेली असायची, आणि ते आभार फार लांब वाटायचे.

आता वाटतं, ते लांब नव्हते. माझा आजा गावात दुसऱ्यांच्या दारातली कामं करून म्हातारा झाला. कुणीही हाक मारावी, त्यानं जावं, आणि संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभं राहून शिळं मागून आणावं. बाचं लहानपण त्या शिळ्यावर गेलेलं. ठरल्या वेळी जायचं, ठरल्या वेळी यायचं, आणि ठरल्या दिवशी हक्काची मजुरी हातात पडायची, ही त्याच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. ती त्याची सुटका होती, आणि ती त्याला पाळकसाहेबांनी, आमच्या देवळाच्या धर्मगुरूंनी, दिली होती.

पाळकसाहेब नगरकडचे. उंच, हाडकुळे, कायम खोकणारे. स्वच्छ धोतर आणि त्यावर काळा कोट. दर बुधवारी दिवेलागणीला ते देवळात कामकऱ्यांची प्रार्थना घ्यायचे, आणि तिथं त्यांचा विषय बहुतेक एकच असायचा. वेळेआधी कामावर जा. उलट बोलू नका. धन्याच्या पाठीमागं त्याची निंदा करू नका. मुकादम पाठ वळवून गेला तरी हात थांबू देऊ नका. कारण बघणारा मुकादम नाही, वरचा आहे. तुम्ही झाडू मारत असाल तर तो त्याच्या अंगणात मारताय असं समजा. हे ते इतक्या कळकळीनं सांगायचे की बायाबापड्यांचे डोळे भरून यायचे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांना कुणी काम म्हणूनही मोजलं नव्हतं, त्यांना कुणीतरी सांगत होतं की तुमचा झाडूसुद्धा देव बघतो. मी त्या शिकवणीला नावं ठेवायला हे लिहीत नाही. तिनं आम्हाला ताठ उभं केलं. पण जिनाच्या मनीजरलाही ती शिकवण फार आवडायची. दर हंगामाला तो पाळकसाहेबांकडे निरोप पाठवायचा, की तुमचीच माणसं द्या. ती कटकट करत नाहीत.

सोळावं लागल्यावर मायसोबत मीही जिनात जायला लागले. लांबलचक पत्र्याची शेड, मधे दोन रांगांत रेचे, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढणारी यंत्रं. प्रत्येक रेच्यापाशी एक बाई. मागच्या ढिगातून कापूस ओढायचा, रेच्याच्या तोंडात सारत राहायचं. पुढून रुई पडायची, खालून सरकी. आवाज असा, की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. आणि हवेत रुईचे तंतू. ते पापण्यांवर बसायचे, नाकात जायचे, भाकरीवर बसायचे. दुपारी बाहेर आलो की सगळ्या बाया म्हाताऱ्या दिसायच्या, आणि आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. आता माझे केस खरेच पांढरे झालेत, आणि छातीत घरघर असते. डॉक्टर विचारतात, आजी, धुराच्या चुलीवर फार स्वयंपाक केला का? मी हो म्हणते.

शेडला वापरातलं दार एकच. रुईच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसच्या बाजूचं दुसरं दार हंगाम चढला की गठाणींनी झाकलं जायचं. खिडक्या उंच, जाळी ठोकलेल्या. सकाळी बाया आत गेल्या की ते एक दार बाहेरून लावायचं, साखळी ओढून कुलूप घालायचं, आणि किल्ली मनीजरच्या खोलीत नेऊन खुंटीला टांगायची. दुपारच्या सुटीला किल्ली परत आणायची, दार उघडायचं. मनीजरचं म्हणणं होतं की बाया पदराखाली रुई नेतात, आणि घटकेघटकेला बाहेर जाऊन बसतात. तो हैदराबादेकडून आलेला होता, बारीक मिशांचा, गोड बोलणारा. कुलपाची पद्धत त्यानंच सुरू केली. दार लावायचं काम बाचं.

पहिल्या दिवशी मी आत बसले, आणि मागं साखळी वाजली. त्या गदारोळातही ती मला ऐकू आली. मी वळून मायकडे बघितलं. माय म्हणाली, "काही न्हाई, बा हाय ना बाहीर." पण बाहेर बा होता, किल्ली नव्हती. हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

माझ्या शेजारच्या रेच्यावर गया बसायची. भोकरदनकडून पोटासाठी आलेलं कुणब्याचं कुटुंब, नवरा प्रेसवर. चार माणसांत उठून दिसेल अशी नव्हती, पण काम करताना सतत गुणगुणायची. रेच्यांच्या आवाजात ते ऐकू यायचं नाही, फक्त ओठ हलताना दिसायचे. तिला तान्हं लेकरू होतं. तिची सासू त्याला घेऊन दारापासून थोड्या अंतरावर, बाभळीच्या सावलीत बसायची. लेकरू भुकेलं की रडायला लागे. आत ते ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी गयाला कळायचं. तिचा हात मधेच थांबायचा, आणि चोळी पुढून ओली व्हायची. मग ती खाली मान घालून अधिकच जोरात कापूस सारायची. बाहेर मात्र ते रडणं एका माणसाला दुपारपर्यंत ऐकावं लागायचं, आणि तो माझा बाप होता.

त्या वर्षी कापूस उशिरापर्यंत येत राहिला. होळी झाली तरी जिन चालूच. ऊन असं, की पत्रा तडतडायचा. कपाशीत एखादा खडा किंवा खिळा आला तर रेच्यात ठिणगी उडते; ते दरवर्षीचंच. कोपऱ्यात पाण्याची पिंपं असायची, ओली गोणपाटं असायची, मुकादम धावत यायचा आणि विझवायचा. पण त्या हंगामाच्या शेवटी ते फार वेळा होऊ लागलं. कधी करपल्याचा वास यायचा आणि कुठून येतो ते सापडायचं नाही. एकदा मायच्या समोरचा रुईचा ढीग आतल्या आत काळा पडत गेला. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसता काळा डाग पसरत चालला होता. मायनं हातांनी तो उपसून बाहेर फेकला. तिच्या बोटांना फोड आले. मुकादम म्हणाला, "शाबास," आणि पिंपातलं पाणी तळाला गेलेलं कुणी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना माय बाला म्हणाली, "अवो, दार उघडं ठेवायला सांगा ना मनीजरला. एखांद्या दिवशी आमी सगळ्या आतच भाजून निघू."

बा भाकरी मोडत राहिला. "सांगून पाह्यलं. त्यो म्हन्तो, तुला नोकरी जड झाली का?"

"मंग न विचारता ठेवा."

"हुकूम हाय. हुकूम मोडायचा मंजी चोरीच की. पगार कशाचा घ्येतो मी? दार लावायचाच घ्येतो."

"आन् आत मी हाय. ही पोरगी हाय."

बानं घास तसाच ताटलीत ठेवला. त्या बुधवारी प्रार्थना संपल्यावर तो मागं थांबला. मी कडुनिंबाखाली त्याची वाट बघत होते. पायरीवर उभं राहून त्यानं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "याकोब, धन्याला दोनदा सांगून झालं ना? मग तुझं कर्तव्य झालं. पुढचं त्याच्याकडे. तू तुझं काम चोख कर, आणि प्रार्थना कर. आज आपण हट्ट केला तर उद्या आपल्या माणसांना तिथं कोण उभं करील?" ते बोलताना खोकत होते. बानं मान हलवली.

त्यानंतर काही दिवसांनी मला एक गोष्ट दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही. भर कामाच्या वेळी गया रेच्यावरून उठली, पिंपाकडे पाणी प्यायला जावं तशी दाराकडे गेली, आणि दिसेनाशी झाली. तिच्या पलीकडची बाई दोन्ही रेच्यांवर हात चालवत होती. थोड्या वेळानं गया परत आली. तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. माझ्याकडे बघून ती हसली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, मुकादमाला काहीतरी कबूल केलं असेल. बाचा संशय मला आला नाही. माझा बाप हुकूम मोडील हे मनातच येणं शक्य नव्हतं.

तो दिवस वाऱ्याचा होता. सकाळपासून मस्तगडाच्या बाजूनं लाल धूळ येत होती, शेडच्या जाळ्यांतून आत शिरत होती, आणि रुई जमिनीवरून उचलून हवेत फिरवत होती. माय म्हणाली, आज काम बंद ठेवायला पाहिजे. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. गया नेहमीसारखी उठून गेली, आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली. मी खुणेनं विचारलं, एवढ्या लवकर? तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "लेकरू पोट भरून प्यालंच न्हाई अजून. पर मुकादम इकडंच येऊन राह्यला व्हता. काम जाईल ना माय." आणि ती आपल्या रेच्यावर बसली. हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आग कुठून लागली ते मी बघितलं नाही. मी एवढंच बघितलं, की शेडच्या पलीकडच्या टोकाला हवा पेटली. ती जमिनीवरून सरपटत आली नाही. हवेतल्या तंतूंवरून उड्या मारत, आमच्या डोक्यांवरून आली. यंत्रांचा पट्टा थांबला, रेचे एकेक करून गप्प झाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्या शेडमध्ये माणसांचे आवाज ऐकू आले. बाया दाराकडे पळाल्या नाहीत. हे मला आजही सगळ्यात भयंकर वाटतं. दाराला कुलूप आहे हे आम्हाला इतकं पाठ झालं होतं, की सगळ्या खिडक्यांकडे पळाल्या. एकमेकींच्या खांद्यांवर चढून जाळ्या ओढायला लागल्या. मी दाराकडे गेले ती शहाणपणानं नाही. तिथं बा होता म्हणून गेले. मी दोन्ही मुठींनी फळ्या बडवल्या आणि ओरडले, "बा! बा!"

साखळी खळ्ळकन वाजली. दार उघडलं. उजेड आत आला, आणि उजेडात बा उभा होता. कुलूप त्याच्या डाव्या हातात, उघडं.

मला वाटलं, तो किल्ली आणून उघडायला आधीच तयार होता. विचार करायला वेळ नव्हता. मी मागं वळून ओरडले, बायांचा लोंढा वळला, आणि त्यांनी मला ढकलत बाहेर नेलं. मायचे केस एका बाजूनं जळालेले होते. ती मला चापट्या मारून माझ्या लुगड्यावरच्या ठिणग्या विझवत होती. बानं ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं आणि तो आत गेला. एका बाईला ओढून आणलं, परत गेला, दुसरीला आणलं. तिसऱ्या वेळी पत्रा खाली आला, आणि प्रेसवरच्या गड्यांनी त्याला धरून ठेवलं. बाभळीखाली गयाची सासू लेकरू छातीशी धरून प्रत्येक बाईचं तोंड बघत होती. रुईनं, राखेनं सगळी तोंडं सारखी झाली होती. ती एकेकीचा पदर धरून विचारायची, "तू गया का? तू गया का?"

गया सापडली ती आग विझल्यावर. आपल्या रेच्यापासून ती फार दूर गेली नव्हती.

आजही मी कुठल्याही मोठ्या खोलीत गेले, लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, की आधी दार कुठं आहे आणि ते कुणीकडे उघडतं ते बघते. सिनेमाला गेलो तर माझी लेक चिडते. म्हणते, आई, बस ना आता. मी बसते, पण कडेच्या खुर्चीवर.

आग लागली त्याच संध्याकाळी मनीजरनं बाला बोलावलं. बा परत आल्यावर माय त्याच्या भाजलेल्या हातांना तूप लावायला बसली. त्यानं सांगितलं ते असं. उद्या अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, चौकशीला येणार. जिनवाल्यांचं म्हणणं ठरलं होतं, की दार रोज उघडंच असतं, बाया मोकळ्या येतात-जातात. आणि गया बाहेर जाऊन बिडी ओढून आली, तिच्या पदरातून विस्तव आत गेला. तिला बाहेर जाताना मुकादमानं पाहिलं होतं म्हणे. बानं एवढंच म्हणायचं, की दार उघडं असायचं. त्याची नोकरी राहील. वस्तीतल्या सगळ्यांची राहील.

"आन् न्हाई म्हन्लं तर?" मायनं विचारलं.

"मंग वस्तीतलं एक माणूस बी तिथं पाय ठेवायचं न्हाई."

मग बानं आम्हाला ते सांगितलं. तो काही दिवसांपासून कुलूप लावतच नव्हता. साखळीत नुसतं अडकवून ठेवायचा आणि किल्ली नेहमीसारखी खुंटीला टांगून यायचा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला दार बंद दिसावं. आगीच्या भीतीनं नाही. "त्या लेकराचं रडनं ऐकवंना," तो म्हणाला. "गयाला म्हन्लं, दाराला टिचकी मार, मी सोडीन. जल्दी पाजून ये. आयुष्यात पैल्यांदा कामात खोटं केलं म्या. आन् तीच गेली." एवढं बोलून तो रडायला लागला. त्याला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. मायनं त्याचे तुपकट हात तसेच आपल्या ओंजळीत धरून ठेवले.

थोड्या वेळानं पाळकसाहेब आले. खाटेवर बसले. त्यांनाही मनीजरचा निरोप गेला होता. बराच वेळ ते खोकत राहिले, मग म्हणाले, "याकोब, वस्तीतल्या निम्म्याहून जास्त चुली त्या जिनावर पेटतात. दार उघडं होतं, एवढंच तुला म्हणायचंय. आणि ते उघडं होतंच की."

"ह्या काही दिसांतच व्हतं, साहेब."

"मग ते खोटं नाही."

"गया बिडी वढीत न्हवती. लेकराला पाजायला गेल्ती. म्याच सोडलं तिला. म्या गप बसलो तर लोक म्हन्तील, तिनं सगळ्याइला जाळलं. तिचं लेकरू मोठं झाल्यावर त्येच ऐकंल."

"ती आता देवाघरी आहे. तिला कोण काय म्हणतं याचं..." पाळकसाहेब मधेच थांबले.

बा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी दर बुधवारी सांगता, मुकादम बघत न्हाई तवा बी वरचा बघतो. बराबर हाय. पर मंग मी रोज कुलूप घालीत व्हतो, आत माझी बायको-पोरगी व्हती, तवा बी त्यो बघतच असंल की."

पाळकसाहेब उठले, दारात अडखळले, आणि देवळाच्या दिशेनं गेले. मायनं त्यांच्यासाठी केलेला चहा चुलीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी जिनाच्या आवारात आम्हा बायांना एका बाजूला बसवलं होतं. जळक्या सरकीचा तेलकट वास अजून येत होता. अमीनसाहेब खुर्चीवर, शेजारी मनीजर, समोर बा हात बांधून उभा. गयाची सासू लेकराला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या मागं बसली होती.

"ताला था के नहीं था?" अमीननं विचारलं. "सीधा बोलो."

"रोज असायचं, साहेब," बा म्हणाला. "म्याच लावायचो. किल्ली कचेरीत टांगायचो. ह्या काही दिसांत लावीत न्हवतो."

मनीजर ताडकन उभा राहिला. "झूठ बोल रहा है! खुद का कसूर छुपाने को..."

"कसूर माझा हायच," बा म्हणाला. "हुकूम मोडला म्या. ती बाई लेकरू पाजायला बाहीर आल्ती, म्याच सोडली. बिडी-बिडी काही न्हाई. कुलूप असतं तर ह्या बाया आज इथं बसल्या नसत्या." आणि त्यानं आमच्याकडे बोट केलं.

अमीननं डोळे बारीक केले. "कोई गवाह है? कोई बोलेगा, के ताला रोज लगता था?"

बाया जमिनीकडे बघायला लागल्या. मायनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती स्वतः उठणार हे मला तिच्या पकडीतून कळलं. पण तिच्याआधी फाटकापाशी खोकल्याचा आवाज आला. पाळकसाहेब गर्दीतून पुढं आले. बोलताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा नव्हता, अगदी बारीक होता.

"मी बोलतो. मला ठाऊक होतं. हा माणूस माझ्याकडे आला होता. विचारलं, आत माणसं असताना कुलूप लावू का. मी सांगितलं, लाव. यानं माझं ऐकलं नाही, म्हणून या जिवंत आहेत."

मग माय उठली. तिच्यामागं मी. आणि मग एकेक करून बऱ्याच बाया उठल्या. माझ्या मनात त्या दिवसाची एवढीच बाजू स्वच्छ आहे.

पुढं काय झालं, ते आमच्यासारख्यांना कुणी कळवत नसे. मनीजरची बदली झाली असं ऐकलं. गयाच्या नावावरचा विस्तवाचा आळ गेला, आणि तिची सासू आणि नवरा लेकराला घेऊन भोकरदनकडे परतले. जाताना सासू आमच्या दारात आली. बाच्या पायांशी लेकरू ठेवलं, आणि उचलून घेऊन गेली. पण जिनवाल्यांनी आपला शब्द पाळला. वस्तीतल्या कुणालाही पुन्हा काम मिळालं नाही. भर उन्हाळ्यात चुली थंड झाल्या. ज्या बाया त्या दाराच्या उजेडातून बाहेर आल्या होत्या, त्यांतल्याच काही विहिरीवर माय आली की आपल्या घागरी बाजूला सरकवू लागल्या. हे आम्ही ओळखत होतो. आजाच्या गावात आमच्या माणसांना बघून घागरी अशाच सरकत. ते मागं सोडून आपण इथवर आलो, असं आम्हाला वाटलं होतं. माय घागर भरून घरी यायची आणि कुणालाही दोष द्यायची नाही. फक्त जात्यावरचं गीत बंद झालं. देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी पाळकसाहेबांनाही सांगून टाकलं, की तुम्ही दुसरं देऊळ बघा. बुधवारची प्रार्थना बंद पडली.

बा रोज सकाळी कामाच्या शोधात जायचा. धान्याच्या मोंढ्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर, मळ्यांवर. सगळीकडे लोक त्याला ओळखायचे: जिनाविरुद्ध बोललेला दरवान. कुणी हसून परत पाठवायचं, कुणी न हसता. तो सावकाश वाळत चालला होता. संध्याकाळी तो आभार मानायला डोळे मिटायचा, आणि शब्द कुठून सुरू करायचा ते त्याला सापडायचं नाही. आम्ही तशाच थांबायचो, आणि मग माय हळूच "आमेन" म्हणायची.

एका सकाळी पाळकसाहेब आले. पायांत धूळ, काळा कोट खांद्यावर टाकलेला. ते घनसावंगीकडे जाऊन आले होते, बरंचसं अंतर चालत. तिथं गोदाकाठच्या एका पाटलाचा उसाचा मळा होता. मोटेवर माणूस हवा होता, राहायला झोपडी होती, मायला आणि मलाही खुरपणीचं काम होतं. मायनं त्यांना पाणी दिलं. ते एका दमात प्यायले.

बानं लगेच हो म्हटलं नाही. त्यानं विचारलं, "काय सांगितलं तुमी माझ्याबद्दल?"

"खरं तेच सांगितलं," पाळकसाहेब म्हणाले. "म्हटलं, माणूस कामाला चोख आहे. पण सांगाल ते सगळंच ऐकेल, असं समजू नका."

बानं मान वर केली. किती दिवसांनी तो कुणाच्या तोंडाकडे सरळ बघत होता.

"आन् तरी घ्येतो म्हन्ला?"

"तरी घेतो म्हणाला. उद्या पहाटे निघा."

माय उठली, पिठाचा डबा परातीवर उपडा केला, तळाला हातानं थापट्या मारून उरलंसुरलं पीठ खाली पाडलं, आणि वाटेसाठी भाकरी करायला बसली.